इमर्जन्सी बॅगेत काय काय भरायचं? (कळवा, तळमजला)

कळवेकरीण: मंडळी, आम्ही तळमजल्यावर राहतो, घरी सासूबाई (इन्सुलिन चालू आहे), मी, नवरा आणि ३ वर्षांची लेक. मागच्या पावसाळ्यात रात्री पाणी उंबऱ्याला लागलं आणि आम्ही नुसते इकडून तिकडे, टॉर्च सापडला तर सेल नाहीत, कागदपत्रांची फाईल कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात. यंदा असं नको. काय भरू?

कोपरीवाला: पाण्याचा हिशोब आधी करा. माणशी दिवसाला ३ लिटर धरलं तर चौघांचं तीन दिवसांचं ३६ लिटर होतं, ते पाठीवर घेऊन कोण निघणार? म्हणून बॅगेत माणशी एकच बाटली, बाकीचं झाकणाच्या कॅनमध्ये माळ्यावर. २००५ च्या २६ जुलैला मी ऑफिसमध्ये अडकलेलो आणि घरी आई एकटी, पाणी चढत गेलं तशी ती शेजाऱ्यांकडे वर गेली, पण बीपीच्या गोळ्या खालीच राहिल्या. तेव्हापासून आठवड्याची औषधं आणि प्रिस्क्रिप्शनची झेरॉक्स बॅगेत असतेच, गोळ्यांची तारीख मे महिन्यात बघतो.

नेरुळ_१४वा_मजला: आमच्याकडे पूर येत नाही पण लाईट गेली की लिफ्ट बंद, पंप बंद, वरची टाकी संपली की नळ कोरडा. त्यामुळे आमची तयारी घरात बसून राहायची, तुमची बाहेर पडायची. दोन्ही एकच समजू नका.

कळवेकरीण: पटलं. इन्सुलिनचं काय पण? फ्रीज बंद पडला तर?

औषधवाली_ताई: चालू असलेली बाटली खोलीच्या तापमानाला साधारण चार आठवडे टिकते, फक्त ऊन आणि उकाडा नको, बाकी पाकिटावर बघाच. झिपलॉकमध्ये घालून ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मडक्यात ठेवा. बर्फावर मात्र अजिबात नाही, गोठलं तर वाया गेलं. सुया, ग्लुकोमीटर आणि साखर कमी झाली तर ग्लुकोज पावडर, हे सगळं त्याच पाऊचमध्ये. लेकीसाठी ओआरएस. आणि पुराच्या पाण्यातून चालावं लागलं तर लगेच डॉक्टरांना दाखवा, लेप्टोची (घाण पाण्यातून होणारा ताप, लेप्टोस्पायरोसिस) गोळी ७२ तासांच्या आत सुरू करतात, स्वतःच्या मनाने नको, लहान मुलीला तर डॉक्टरांना न विचारता नकोच.

कोपरीवाला: आणि निघताना मेन स्विच आणि सिलेंडरचा रेग्युलेटर बंद. पाणी बोर्डापर्यंत आलं असेल तर मात्र स्विचला हात लावायचा नाही. ११२ आणि जिल्हा कंट्रोल रूमचा १०७७ कागदावर लिहून ठेवा, मोबाईलची बॅटरी उतरते.

कळवेकरीण: आजच सासूबाईंना मेन स्विच दाखवते, दुपारी त्या आणि लेक दोघीच असतात घरी. वरच्या मजल्यावरच्या काकूंशी पण बोलून ठेवते, बॅग त्यांच्याकडेच ठेवली तर चालेल का ते विचारते.