ब्रॉयलरच्या शेडमध्ये रात्रभर बल्ब: गरज की नुसती सवय?

शेड_नंबर_दोन (धागा सुरू करणारा):
कंपनीच्या करारावर पाच हजार ब्रॉयलरची, म्हणजे मांसासाठीच्या कोंबड्यांची, बॅच करतो. पिल्लं, खाद्य, औषध कंपनीचं. शेड, तूस, वीजबिल आणि झोपमोड माझी. सुपरवायझरचं एकच पालुपद: "लाइट बंद करू नका, अंधारात पक्षी खात नाही."
पहिला आठवडा मान्य. पिलाला दाणा-पाणी सापडायला उजेड हवाच, तेव्हा तासभर अंधार पुरे. पण तीस दिवसांच्या कोंबडीला २३ तास उजेड कशाला? चौथ्या आठवड्यात सकाळी शेडमध्ये गेलं की चांगले धष्टपुष्ट नर उताणे पडलेले, पाय वर. आदल्या संध्याकाळी खाद्यावर तुटून पडले होते तेच. मागच्या दोन बॅचना रात्री ११ ते ४ अंधार दिला. अशी मरतूक कमी झाली, लंगडे पक्षीही कमी दिसले.

वर्धेकर:
कोणत्या महिन्यातल्या बॅच, भाऊ?

शेड_नंबर_दोन:
डिसेंबर आणि फेब्रुवारी.

वर्धेकर:
वाटलंच. मे महिन्यात इकडे या. पारा ४५ वर. दुपारी खाद्याची भांडी वर टांगावी लागतात, भरल्या पोटी उन्हाचा तडाखा बसला की पक्षी धापा टाकत मरतो. मग तो खाणार कधी? रात्रीच ना? त्यातले पाच तास तुम्ही कापा म्हणता. लिफ्टिंगला (कंपनी पक्षी उचलते तेव्हा) वजन भरलं नाही, एफसीआर (किलोभर वजनामागे लागलेलं खाद्य) चढला, की ग्रोइंग चार्ज (पक्षी वाढवायचा मोबदला) माझाच कापला जातो. तुमच्या अंधाराचा नाही.

डॉक्टरताई:
पशुवैद्य आहे, पण दोघांचंही थोडं चुकतंय असं म्हणते.
ब्रॉयलरचं मांस हाडांपेक्षा आणि काळीज-फुप्फुसांपेक्षा पुढे धावतं, खरा घोळ तिथे आहे. दुसऱ्या आठवड्यापासून अंधार मिळाला की सुरुवातीची वाढ जरा मंदावते, तेवढ्यात पायाची हाडं आणि हृदय सावरतात. म्हणून उताणं पडून मरणं, पोटात पाणी होणं, पाय अधू होणं कमी होतं. अंधारातच मेलाटोनिन तयार होतं, प्रतिकारशक्तीला त्याचा हातभार लागतो. मागे पडलेलं वजन पुढे बरंचसं भरून निघतं, आणि एफसीआर सहसा बिघडत नाही. विश्रांतीत पक्षी ऊर्जा कमी खर्चतो. वेळ रोज तीच ठेवली तर अंधार पडायच्या आधी तो गळ्याची पिशवी भरून घ्यायला शिकतो. युरोपीय संघाच्या २००७ च्या नियमात तर दिवसाला एकूण ६ तास अंधार सक्तीचा आहे, त्यातले ४ सलग.

वर्धेकर:
ताई, "पुढे भरून निघतं" म्हणता, पण पुढे म्हणजे कधी? बाजार तेजीत असला की ३५ व्या दिवशीच गाडी दारात उभी. आणि युरोपातली शेडं बंद, पंखे आणि ओल्या पॅडनी गार ठेवलेली. आमच्या शेडला जाळी आणि पोत्याचे पडदे.

डॉक्टरताई:
लवकर उचलायचा पक्षी असेल तर तुमचं म्हणणं रास्त आहे. तिथे चार तासांपेक्षा जास्त अंधार देऊ नका. आणि उन्हाळ्यात पहाटेचा गारवा खाण्यासाठी मोकळा ठेवा, अंधार संध्याकाळनंतर लगेच द्या.

वर्धेकर:
संध्याकाळी सातला पत्र्याखाली भट्टी असते, ताई. तेव्हा पक्षी तसाही खात नाही, ते मात्र खरं.

खाडीकाठ:
लोडशेडिंगचं कुणी बोललंच नाही. कायम उजेडात वाढलेल्या पक्ष्यांना अचानक अंधार झाला की घाबरून एका कोपऱ्यात ढीग होतो, खालचे गुदमरतात. मी एकदा एका रात्रीत टोपलंभर उचललेत. तेव्हापासून आठव्या दिवशीच अंधाराची सवय लावतो, आधी एक तास, मग वाढवत. आता वीज गेली तर पक्षी आहे तिथेच बसतो.

माळरान:
आणि मुंगूस? घुशी? अंधार केला की जाळीखालून उकरायला लागतात. मी तरी बल्ब विझवणार नाही.

खाडीकाठ:
मग बल्ब बाहेर लावा ना, जाळीच्या कडेला, तोंड अंगणाकडे. मुंगसाला उजेड, कोंबडीला अंधार.

शेड_नंबर_दोन:
वर्धेकर, मेच्या बॅचला माझं म्हणणं मागे घेतो. जूनमधल्या पिलांना देऊन बघणार का?

वर्धेकर:
अर्ध्या शेडला. मधे पडदा टाकून. पण वजन दोन्ही बाजूंचं मी स्वतः करणार, सुपरवायझर नाही.