आधी शटर स्पीड, मग फ्लॅश

घरात मुलांचे फोटो हललेले येतात, म्हणून फ्लॅश घ्यावा का, असं एकाने विचारलंय. मी म्हणेन, आधी शटर स्पीड बघा, म्हणजे फोटो काढताना शटर किती वेळ उघडं राहतं ते. चालायला लागलेलं मूल क्षणभरही स्थिर नसतं. १/६० सेकंदाला चेहरा एखाद वेळी नीट येतो, पण हात हमखास पुसट होतात. शटर १/२५० सेकंदापेक्षा हळू ठेवू नका. त्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाबद्दलची संवेदनशीलता) १६०० किंवा ३२०० करावा लागला तरी बिनधास्त करा. दाणेदार फोटो चालून जातो, हललेला नाही.

५० एमएम एफ/१.८ लेन्स मिळाली तर फारच छान; एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड जास्त उघडतं. कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या किट लेन्सच्या एफ/५.६ पेक्षा ती जवळपास दहापट उजेड आत घेते. फक्त अगदी जवळून काढताना एफ/२.८ वर या, नाहीतर एक डोळा स्पष्ट आणि दुसरा धूसर येतो.

आमची लेक सकाळी खिडकीपाशी बसून कपड्यांचे चिमटे डब्यात भरते, ओतते, पुन्हा भरते. उजेड बाजूने येतो, पापण्यांची सावली गालावर पडते. मी सरळ जमिनीवर पालथा पडतो. उभं राहून काढलं की नुसता टाळूच दिसतो! "इकडे बघ" म्हणायचं नाही; तिचं काम चालू राहू द्यायचं.

कॅमेरा बॅगेत नको, हाताशी पण उंचावर ठेवा. आणि पट्टा खाली लोंबकळू देऊ नका, मुलं पहिल्यांदा तोच ओढतात.