फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर राहतो, मार्केटप्लेसचा (सरकारी विमाबाजाराचा) कोणता आरोग्यविमा घ्यावा? (धागा २०२५ अखेरचा)

खाडीपलीकडचा (धागाकर्ता)
मंडळी, सल्ला हवाय. मी ५८, बायको ५५. गेल्या वर्षी न्यू जर्सीतली नोकरी सोडून फ्लोरिडात मेलबर्न बीचला राहायला आलो. जुन्या कंपनीचा विमा कोब्रातून (नोकरी सोडल्यावर स्वतः हप्ता भरून तोच विमा ठेवायची सोय) चालू आहे, तो एप्रिलअखेर संपेल. मेडिकेअरला (६५ नंतरचा सरकारी विमा) मला अजून सात वर्षं, तिला दहा. मार्केटप्लेसवर २०२६ चे भाव बघितले तर सबसिडीशिवाय दोघांचा साधा सिल्व्हर (मधल्या पायरीचा) प्लॅन महिना २,३०० डॉलरच्या घरात जातोय. समुद्र बघायला आलो होतो, हे बघून पोटात गोळा आला.
खर्च ४०१(के)मधून (जुन्या कंपनीचं निवृत्तिखातं) काढणार आहोत. बायको शाळेत थोडे तास काम करते. कोथरूडच्या फ्लॅटचं भाडं येतं, पण तो विकायला काढलाय. गिऱ्हाईक मिळालंय, व्यवहार जानेवारी-फेब्रुवारीत होईल. बायकोला मधुमेह आहे, मला सध्या काही नाही. ब्रॉन्झ (त्याखालचा, हप्ता कमी पण खिशातून जास्त) घ्यावा की सिल्व्हर?

जुना_एडिसनकर
एप्रिलपर्यंत थांबू नका. कोब्रा पूर्ण संपला की खास ६० दिवसांची मुदत मिळते हे खरं, पण डिडक्टिबल (विमा पैसे द्यायला लागण्याआधी आपण भरायची रक्कम) बहुतेक ठिकाणी १ जानेवारीला शून्यापासून सुरू होतं. म्हणजे जानेवारी ते एप्रिल जुन्या प्लॅनचं भरायचं आणि मेपासून नव्याचं पुन्हा. आणि फेब्रुवारीत कंटाळून कोब्रा मधेच सोडलात तर ती मुदतही मिळत नाही. १५ डिसेंबरच्या आत प्लॅन निवडा, १ जानेवारीपासून लागू होईल. १५ जानेवारीपर्यंतही निवडता येतो, पण मग फेब्रुवारीपासून.

आकडेमोडी
ब्रॉन्झ-सिल्व्हर नंतर बघू. आधी तो फ्लॅट.
(मी लोकांचे टॅक्स भरून देते, त्यामुळे हे दरवर्षी बघते.) सबसिडी ठरते ती त्या वर्षाच्या उत्पन्नावर, आणि त्यात भारतातलं सगळं धरतात. भाडं, अनिवासींच्या एनआरओ खात्याचं व्याज, आणि एनआरई खात्याचंसुद्धा. तिकडे ते करमुक्त असलं तरी इथे नाही. फ्लॅट विकून झालेला नफाही त्यातच. भारतात भरलेल्या कराची सूट इथल्या करात मिळते, सबसिडीसाठी मोजायचं उत्पन्न त्याने कमी होत नाही.
वाढीव सबसिडी २०२५ अखेर संपतेय. वॉशिंग्टनमध्ये काय व्हायचं ते होवो, आज ती संपली असंच धरून चाला. म्हणजे सरकारी दारिद्र्यरेषेच्या ४०० टक्क्यांची जुनी रेघ परत आली. दोघांच्या कुटुंबाला ती ८४,६०० डॉलर. त्याच्या वर गेलात की सबसिडी शून्य. शिवाय २०२६ च्या करवर्षापासून आगाऊ घेतलेली जास्तीची सबसिडी सगळीच्या सगळी परत करावी लागते. आधी त्याला उत्पन्नानुसार मर्यादा असायची.
कोथरूडचा फ्लॅट फेब्रुवारीत विकलात तर २०२६ ची सबसिडी गेलीच समजा. जमत असेल तर खरेदीखत डिसेंबरातच नोंदवून घ्या. २०२५ मध्ये तुम्ही कोब्रावर आहात, घालवायला सबसिडीच नाही. नुसतं साठेखत करून भागेल असं धरू नका, आधी सीएला विचारा.

खाडीपलीकडचा
बाप रे. हे कुणीच सांगितलं नव्हतं. गिऱ्हाइकाचं कर्ज मंजूर आहे, उद्याच पुण्याला फोन करतो. समजा डिसेंबरात झालं, तर ४०१(के)मधून किती काढू?

आकडेमोडी
पंचावन्न पूर्ण झाल्यावर नोकरी सोडलीत, त्यामुळे त्या कंपनीच्या ४०१(के)तून दहा टक्के दंड न भरता काढता येतं. आयआरएमध्ये (स्वतः उघडलेलं निवृत्तिखातं) मात्र हलवू नका, तिथे ही सोय नाही.
दोघांचं एकूण उत्पन्न ४२,३००च्या आत राहिलं तर बेंचमार्क सिल्व्हरचा (ज्यावरून सबसिडी ठरते तो प्लॅन) हप्ता तुम्हाला महिना २३० डॉलरच्या आसपास पडेल. ५२,८०० ला साधारण ३७०. ८४,००० ला ७०० च्या जवळ. रोथमध्ये (कर आधीच भरलेलं निवृत्तिखातं) स्वतः भरलेल्या रकमेतून किंवा बँकेतल्या शिलकीतून खर्च भागवलात तर ते पैसे उत्पन्नात येत नाहीत.
पण फार खालीही जाऊ नका. फ्लोरिडाने मेडिकेड (गरिबांचा सरकारी विमा) वाढवलेलं नाही. २१,१५० च्या खाली उत्पन्न दाखवलंत तर सबसिडी नाही आणि मेडिकेडही नाही.

चिवडा_पोहे
माझा मित्र एका हेल्थ शेअरिंगवाल्यांकडे (सभासद एकमेकांची बिलं वाटून भरतात) आहे, अर्ध्या पैशात काम होतं म्हणे.

रॉकलेजवासी
चिवडा, तो विमाच नाही. बिल देणं त्यांच्यावर कायद्याने बंधनकारक नसतं, आणि आधीपासूनचा मधुमेह त्यांना नाकारता येतो. वहिनींसाठी तर नकोच.
मी तुमच्या ब्रेव्हर्ड काउंटीतच एका क्लिनिकच्या काउंटरवर बसते. इथले बहुतेक प्लॅन एचएमओ किंवा ईपीओ, म्हणजे ठरलेल्या डॉक्टर-हॉस्पिटलांच्या नेटवर्कपुरते. नेटवर्कबाहेर गेलात तर इमर्जन्सी सोडून काहीच मिळत नाही. तुम्ही वाळूच्या पट्टीवर राहता, मोठं हॉस्पिटल पूल ओलांडून मेलबर्नला. इथल्या मोठ्या हॉस्पिटल समूहाची स्वतःची विमा कंपनीही आहे, तेव्हा कोणत्या प्लॅनमध्ये कोणतं हॉस्पिटल येतं ते आधी बघा. आमच्या रॉकलेजचं हॉस्पिटल २०२५ मध्ये बंद झालं, म्हणून जुन्या याद्यांवर भरवसा नको. डॉक्टरकडे फोन करून प्लॅनचं पूर्ण नाव सांगा. "अमुक कंपनीचा विमा घेता का?" एवढंच विचारलंत तर काउंटरवरून "हो" येतं आणि बिल आल्यावर कळतं की तो प्लॅन नव्हताच. आमच्याकडे हे नेहमीचं आहे.
वहिनींची औषधं त्या प्लॅनच्या औषधयादीत कुठल्या पायरीवर आहेत तेही बघा. मेटफॉर्मिन सगळीकडे स्वस्त, नवी इंजेक्शनं मात्र नाहीत.


खाडीपलीकडचा
समजलं. मग उत्पन्न ४२,००० च्या आत ठेवायचं ठरवलं तर सिल्व्हर ना? ब्रॉन्झचा हप्ता जवळजवळ शून्य दिसतोय, मोह होतोय.

आकडेमोडी
सिल्व्हरच. डिडक्टिबल आणि कोपे (दर भेटीला भरायची रक्कम) कमी करणारी वेगळी मदत फक्त सिल्व्हरवर मिळते, आणि २०० टक्क्यांच्या आत असाल तर तो सिल्व्हर गोल्डपेक्षाही भारी होतो, सरासरी ८७ टक्के खर्च प्लॅन उचलतो. २५० टक्क्यांपर्यंत मदत असते पण नावापुरती. त्याच्या वर गेलात तर मग ब्रॉन्झचा विचार करा, २०२६ पासून मार्केटप्लेसवरचे सगळे ब्रॉन्झ एचएसएला (औषधोपचारासाठीचं करमुक्त बचतखातं) चालतात. किंवा गोल्डचा भाव बघा, कधी कधी तो सिल्व्हरच्या बरोबरीने पडतो.

जुना_एडिसनकर
आणि दुसऱ्या फुकट्या साइटवर फोन नंबर टाकू नका, दिवसभर एजंटांचे फोन येतात. हेल्थकेअर डॉट गव्हवरच भरा, नाहीतर जवळचा नॅव्हिगेटर (अर्ज भरायला मदत करणारा प्रशिक्षित माणूस) शोधा. ते पैसे घेत नाहीत.

खाडीपलीकडचा
पुण्याला बोललो. सब-रजिस्ट्रारकडे २२ तारीख मिळतेय. मी इथेच आहे, भावाच्या नावाने कुलमुखत्यारपत्र करावं लागेल. अटलांटाच्या कॉन्सुलेटमधून करून घेतलेलं कुणी आहे का? किती दिवस लागतात?