पाळणाघरात कापडी नॅपी : काकूंना कसं पटवू? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

लेक 9 महिन्यांचा आहे. महिनाभरापासून पाळणाघरात जातोय. घरी पहिल्यापासून कापडीच. आधी सासूबाईंच्या जुन्या सुती साड्यांचे त्रिकोणी लंगोट, मग तिसऱ्या महिन्यापासून हल्लीच्या बटणवाल्या नॅप्या. बाहेरून रंगीत, पाणी न झिरपणारं कापड, मधे खिसा आणि त्यात शोषून घेणारी सुती घडी. रात्री आणि प्रवासात डायपर वापरतो, म्हणजे मी काही कट्टर वगैरे नाही, हे आधीच सांगून टाकते.

पाळणाघर घराजवळच, कोथरूडमध्ये, एका काकूंच्या फ्लॅटमध्ये आहे. मुलं 7, त्यातली 3 वर्षाच्या आतली. काकू आणि मदतीला एक मावशी. जेवण ताजं असतं, लेक सकाळी त्यांच्याकडे झेपावतो. त्यामुळे पाळणाघर बदला हा सल्ला कृपया नको, हे सापडायलाच दोन महिने गेलेत.

काकूंचं म्हणणं, "डायपरच देत जा गं, ते धुण्याबिण्याचं मला नाही जमायचं." मी म्हटलं, धुवायचं काहीच नाही, काढायची आणि पिशवीत टाकायची. बरं म्हणाल्या. सोमवारी 4 नॅप्या दिल्या. संध्याकाळी घरी येऊन पिशवी उघडली तर एक नॅपी धुऊन, पिळून, दुधाच्या पिशवीत गाठ मारून ठेवलेली. दिवसभर ओलीच, तिला जो काही कुबट वास! दुसरीतली घडी कोरडी ठणठणीत वेगळीच पडलेली, म्हणजे नुसतं वरचं कव्हर बांधलं होतं. उरलेल्या दोन कोऱ्या. आणि लेकाच्या अंगावर दुसऱ्या कुणाच्या तरी बाळाचं डायपर. मांडीवर लाल वळ, कारण मावशींनी सगळ्यात आतली बटणं लावली होती. विचारलं तर म्हणाल्या, "ढिलं लावलं तर गळंल की वो ताई."

मंगळवारपासून गपगुमान डायपर देतेय. सकाळी 8:30 ते संध्याकाळी 6, रोजची 4-5. शुक्रवारपर्यंत रॅश. डॉक्टर म्हणाल्या दर 2-3 तासांनी बदला, थोडा वेळ उघडं ठेवा, क्रीम लावा. पण डायपर फुगल्याशिवाय बदलायचं नाही ही तिथली सवय आहे. ते जेल सगळं पिऊन घेतं, वरून कोरडंच लागतं, मग बदलायचं लक्षात कुणाच्या येणार?

काकूंना न दुखावता हे परत कसं काढू? कुणाच्या पाळणाघरात कापडी चालतात का? आणि रोज किती द्याव्या लागतात?

अळूवडी
मी ठाण्यात 11 वर्षं पाळणाघर चालवते, म्हणून तुमच्या काकूंच्या बाजूने लिहिते. राग मानू नका.

दुपारचे साडेबारा डोळ्यासमोर आणा. दोघं भरवून घेतायत, एक झोपेला आलंय, एकाने वरण सांडलंय, आणि नेमकी तेव्हाच तुमच्या लेकाला शी होते. डायपर असेल तर गुंडाळलं, कागदात बांधलं, हात धुतले, संपलं. कापडी असेल तर ती शी कुठे टाकायची, नॅपी कुठे ठेवायची, बाकीची पोरं तिथे हात घालतील का, हे सगळं एका हाताने बाळ धरून ठरवायचं.

आणि मावशींनी धुतली का, ते तुमच्या लक्षात आलेलं नाही. दुसरीच्या लेकराची शी लागलेली कापडं तशीच बांधून तिच्या हातात द्यायची, हे आमच्या मावशींनाही जड जायचं. लाज वाटते, आळशी म्हणतील असं वाटतं. तुम्ही "धुवायचं नाही" म्हणालात ते त्यांनी भिडेखातर म्हटलंय असंच धरलं. तेव्हा काकूंना नाही, मावशींना सांगा. समोर बसून, "मावशी, तशीच द्या, मला उलट धुतलेली नको, ओली राहिली की कुजते." एका आईने मला हे असं स्पष्ट सांगितलं तेव्हापासून माझ्याकडे कापडी चालतात.

बाकी सोयीचं. घड्या घरूनच भरून द्या, तिथे जोडाजोड नको. लेकाच्या मापाच्या बटणांवर लाल नेलपेंटचा ठिपका द्या, ठिपक्याला ठिपका लावायचा. चेनची, पाणी न झिरपणारी पिशवी मिळते, ती बाथरूमच्या खुंटीला पोरांच्या हाताला लागणार नाही अशी अडकवा. आत पातळ लायनर घाला, शी त्याच्यावरच येते, ती संडासात झटकायची. लायनर मात्र संडासात टाकायचा नाही, पॅकवर काहीही लिहिलेलं असो. आमची लाइन एकदा तुंबली आहे. आणि दुपारच्या झोपेला खुशाल डायपर द्या. बाळ झोपलेलं असताना कुणी बदलत नाही, मीही नाही.

कापूसकोंडा
दर 2 तासांनी एक धरलीत तर 5 लागतील. झोपेचं डायपर वगळून 4, आणि एक जादा. दिवसाआड मशीन लावत असाल तर घरचं धरून 15-16 हव्यात. पावसाळ्यात 20 सुद्धा पुरत नाहीत. घडी सुटी निघणारीच घ्या. शिवून टाकलेली जाड असते, श्रावणात दोन दिवस सुकत नाही.

रॅशच्या क्रीमबद्दल कुणी बोललं नाही म्हणून सांगतो. झिंकचं दाट क्रीम कापडावर बसलं की त्याचा थर धरतो आणि घडी पाणी प्यायची थांबते. मग "कापडी गळते" म्हणून बोंब. क्रीम लावाल तेव्हा मधे लायनर हवाच. धुताना कपडे मऊ करणारं कम्फर्टसारखं काही घालू नका, त्यानेही तेच होतं. उकळत्या पाण्यात टाकू नका, बाहेरच्या कापडाचा थर सुटतो. शी झालेल्या नॅप्या आधी झटकून गार पाण्यात खळबळून घ्या आणि मग मशीन.

अवांतर : पर्यावरणाचा मुद्दा काकूंपुढे काढूच नका. इंग्लंडमध्ये 2008 मध्ये सरकारी अभ्यास झाला होता, त्यात कापडी की डायपर यापेक्षा तुम्ही धुता कसं यावर सगळं अवलंबून निघालं. मशीन भरून लावा, दोरीवर वाळवा आणि त्याच नॅप्या दुसऱ्या मुलाला वापरा, तर कापडीचा फायदा. आपल्याकडे दोरी आहेच. दुसऱ्या मुलाचं तुमचं तुम्ही बघा.

पेठकरीण
ऑफिसात पाळणाघर नाही का? मातृत्व लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीनंतर 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तर सोय करावी लागते, आणि आईला दिवसातून 4 वेळा भेटायला जाऊ देतात.

धागाकर्ती
@पेठकरीण, आम्ही 32 जण आहोत. त्यातले 9 घरून काम करतात.

@अळूवडी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. खरंच लक्षात आलं नव्हतं. मी मनातल्या मनात "सांगूनही ऐकत नाहीत" म्हणून चिडले होते.

चिंचेचं_बोटूक
डायपर देत असाल तर निदान कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढून द्यायला सांगा काकूंना. आमच्याकडे कचरा न्यायला 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताई येतात, त्यांना ते पुडकं हाताने उघडावं लागत नाही. सात मुलांच्या घरात किती निघत असतील विचार करा.

धागाकर्ती
दहा दिवसांनी लिहितेय. शनिवारी जाऊन मावशींबरोबर बसले. बाहुलीवर नाही, लेकावरच दोनदा लावून दाखवली, मग त्यांनी लावली. बटणांवरच्या ठिपक्याची युक्ती त्यांना फार आवडली. "तशीच द्या" म्हटल्यावर आधी काकूंकडे बघितलं, मग म्हणाल्या, "तुमी म्हणताय तर." पहिले दोन दिवस शी झालेली नॅपी तरीही धुऊनच आली. तिसऱ्या दिवशी तशीच आली, आणि मला इतका आनंद झाला की नवऱ्याला फोटो पाठवणार होते.

सध्या 4 कापडी आणि झोपेचं एक डायपर. ओली झाली की लेक कुरकुरतो, त्यामुळे बदललीही जाते. रॅश गेलाय. काकू अजून "बघू पावसाळ्यात" म्हणतात, ते काही खोटं नाही.

आता नवाच प्रश्न. कापडीचा फुगवटा इतका असतो की 6-12 महिन्यांच्या पँट वर चढत नाहीत. एक माप मोठी घेतली तर पाय लोळतात आणि रांगताना तोंडावर आपटतो. नुसत्या झबल्यावर ठेवायला काकू तयार नाहीत, फरशी गार आहे म्हणतात. बुडाला घेर असलेल्या पँट कुठे मिळतात, की शिवूनच घ्याव्या?