गिटारचे ब्रिज सॅडल बदलणं वर्थ आहे का?

पहिलीतार:
माझ्या स्ट्रॅट टाइप (स्ट्रॅटोकास्टरसारख्या इलेक्ट्रिक) गिटारला मुळातले झिंकचे ओतीव सॅडल आहेत, म्हणजे ब्रिजवर तारा टेकतात ते छोटे तुकडे. बारीक ई तार सारखी तुटते आणि दरवेळी सॅडलवरच तुटते. माझं म्हणणं, पिकअपवर (तारांचा आवाज पकडणाऱ्या चुंबकांवर) खर्च करण्याआधी सॅडल बदलावेत, स्टीलचे नाहीतर पितळेचे, कारण तार टेकते तिथूनच आवाज सुरू होतो ना.

मंद्रसप्तक:
नाही पटलं. तार एकाच जागी तुटते म्हणजे तिथे धार राहिलीये, धातू कुठला हा प्रश्नच नाही. तार काढ, खाचेवरून नख फिरव, अडकलं तर 600 आणि मग 1000 नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घास. माझं तुटणं तेवढ्यानेच थांबलं. आणि आवाजाचं म्हणशील तर लोक सॅडल बदलतात त्याच दिवशी नव्या तारा पण चढवतात, मग आवाज चकचकीत झाला की श्रेय पितळेला! हे मी स्वतः केलंय, दोन आठवड्यांनी तारा जुन्या झाल्या आणि आवाज होता तिथे परत.

टेलीप्रेमी:
आवाजाचं मान्य, पण सगळंच पॉलिश पेपरने सुटत नाही हो. जुन्या पद्धतीच्या टेलीला (टेलिकास्टर गिटारला) सहा तारांना तीनच सॅडल, म्हणजे दोन तारांत एक, आता जी तार सुरात बसवली की डी तार बिघडते आणि डी बसवली की जी, बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर आणि हार्मोनिक (तार न दाबता नुसती स्पर्शून काढलेला सूर) जुळतच नाहीत. तिरक्या खाचेचे कॉम्पेन्सेटेड सॅडल (दोन्ही तारांची लांबी वेगवेगळी ठेवणारे) टाकले आणि पहिल्यांदा वरच्या फ्रेटवर कॉर्ड सुरात लागला. हा फरक कानाला लगेच कळतो, याला मनाचे खेळ म्हणू नका.

मंद्रसप्तक:
ते वेगळं, तिथे मांडणीच बदलतेय. माझा विरोध फक्त धातू बदलून टोन सुधारतो या म्हणण्याला आहे. ट्रेमोलो (ब्रिज हलवून सूर वरखाली करणारा दांडा) वापरून गिटार बेसूर होते तिथेही लोक आधी सॅडल बदलतात, बऱ्याचदा तार अडकत असते नटमध्ये, म्हणजे मानेच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीत.

पहिलीतार:
नख फिरवलं, खरंच अडकलं. घासून घेतलं. तरी माझे उंचीचे स्क्रू गंजलेत, वाजवताना खाली बसतात, त्यामुळे स्टीलचे घेणारच.

टेलीप्रेमी:
मग घे, पण आधी माप घे. जाड ई ते बारीक ई तारेचं अंतर काही ब्रिजवर साधारण 52.5 मिमी, जुन्या पद्धतीच्यांवर 56 च्या आसपास, चुकीचे आणलेस तर शेजारी शेजारी बसणारच नाहीत. आणि तारा त्याच दिवशी बदलू नकोस, काय ऐकू येतं ते इथे लिही.