विषय: डिसेंबरात बालाघाट सायकलवर – वाटाड्या हवा की नको?

प्रेषक: केजकर

मंडळी, नमस्कार.

गणपतीच्या तयारीच्या बैठकीत तोंडी बोललो होतो, आता नीट लिहून देतो. नाताळच्या सुट्टीत आपल्यातले सात-आठ जण तसेही आयर्लंडहून गावी जाणार आहेत. त्यातले सहा दिवस सायकलवर काढायचे असा बेत आहे. बीडला जमायचं, मांजरसुंब्याचा घाट चढून बालाघाटावर यायचं. कपिलधार, नायगावचं मयूर अभयारण्य, पाटोदा करून पूर्वेला वळायचं, मग केज, धारूर, अंबाजोगाई आणि शेवटी परळीला वैजनाथाच्या पायऱ्यांशी सायकली टेकवायच्या. डोंगर म्हणाल तर सह्याद्रीसारखा अंगावर येणारा नाही. सहाशे ते आठशे मीटरचं पठार आहे, पण काठाला आलात की रस्ता धपकन खाली जातो आणि तेवढाच परत चढायला लावतो. ज्यांना इथला विक्लो गॅपचा घाट चढून आल्याचा अभिमान आहे त्यांच्या माहितीसाठी: तो ४७८ मीटर. आपलं बीड शहरच त्याहून उंचावर वसलंय.

सोबत वाटाड्या, मेकॅनिक आणि बॅकअप गाडी घ्यायची, खर्च वाटून. माझा धाकटा भाऊ केजला असतो, तो जमवाजमव करेल. त्याला या यादीवर घेतलंय.

वाटाड्या कशाला, हा प्रश्न येणारच. म्हणून एक कबुली आधीच देऊन टाकतो. २०२२च्या जुलैत मी मनाली-लेह सायकलने केलं असं तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. ते अर्धंच खरं आहे. आम्ही अकरा जण होतो. सहल काढणाऱ्या कंपनीने (नाव लिहीत नाही) लोकांच्या रजा वाचाव्यात म्हणून जिस्प्याचा विश्रांतीचा दिवस कार्यक्रमातून काढून टाकला होता. रोहतांग झाला, बारालाचा ला झाला, जवळजवळ ४,९०० मीटर, आणि मी स्वतःवर भलताच खूश होतो. त्या रात्री सरचूच्या तंबूत डोकं असं ठणकायला लागलं की कुणीतरी कवटीत पाचर ठोकतंय. जेवण पोटात ठरलं नाही. आमचा वाटाड्या, लाहौलचा पोरगा, वय असेल चोवीस-पंचवीस, दर तासाला येऊन बोटाला ऑक्सिमीटर लावायचा आणि मला माझंच नाव, गाव, बायकोचं नाव विचारायचा. पहाटे त्याने माझी सायकल गाडीवर बांधली. मी भांडलो. म्हटलं, पैसे भरलेत. तो म्हणाला, "सर, सरचू से नीचे जाने के लिए भी पहले ऊपर जाना पड़ता है." खरंच आहे. सरचू दोन्ही बाजूंनी खिंडींत अडकलंय. खाली उतरायचं तरी मनालीकडे बारालाचा आणि लेहकडे नकी ला, लाचुलुंग ला ओलांडल्याशिवाय सुटका नाही. उशीर केला असता तर ओलांडण्याच्या अवस्थेत राहिलो नसतो.

तर गाटा लूप्सची एकवीस वळणं मी चढलेलो नाही. टांगलांग ला मी फोटोतच पाहिलाय. आणि केजला माझा सत्कार झाला तेव्हा मी गप्प बसलो.

त्या पोराने मला रस्ता एकदाही दाखवला नाही, रस्ता एकच होता. पैसे दिले ते मला थांबवण्यासाठी.

– केजकर

प्रेषक: लातूरचे काका

केजकर, कबुली वाचून बरं वाटलं. सत्काराचा नारळ परत करा.

बाकी बेत उत्तम, मी येणार. वय ६३ असलं तरी माझ्याकडे ई-बाईक आहे, तीच विमानात टाकतो. पण वाटाड्याचं मला पटलेलं नाही. लडाखात ठीक आहे, तिथे आपण परके. आपल्याच बांधावर फिरायला पैसे मोजून माणूस लावायचा? शिकायला अंबाजोगाईला होतो तेव्हा एसटी बंद पडली की आम्ही पाटोद्याच्या माळावरून रात्रीबेरात्री पायी आलोय. कुणाच्याही दारात उभं राहा, पाणी विचारायच्या आधी भाकरी पुढे येते. नायगावला १९९४ साली अभयारण्य झालं. मोर त्याआधीही होतेच, त्यांना कुणी परवानगी दिली नव्हती. भाऊ तुमचे आहेत, जेवण घरचं आहे, मोबाइलवर नकाशा आहे. दहा टक्के खर्चात होईल ती गोष्ट कंपनीवाल्यांसारखी कशाला करायची?

प्रेषक: उदगीरकर

एवढाच खटाटोप करायचा तर सरळ लेहलाच का जाऊ नये? खर्दुंग ला, १८,३८० फूट. आयुष्यात एकदा. परळीला काय, मामाच्या गावाला जातोच की.

प्रेषक: परळीची

उदगीरकर, मामाच्या गावाला नावं ठेवू नका, आधी आकडा सुधारा. १८,३८० फूट हा जुन्या पाटीवरचा. जीपीएसने मोजल्यावर खर्दुंग ला ५,३५९ मीटर निघाला, म्हणजे साडेसतरा हजार फुटांच्या जरा वर. आणि डिसेंबरात मनाली-लेह रस्ता बर्फाखाली असतो, तेव्हा चर्चा मिटली.

दवाखान्यातली माणूस म्हणून दोन ओळी. केजकरांचं झालं ते दम नसल्यामुळे झालं नाही. पाच हजार तीनशे मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो, दर श्वासाला ऑक्सिजनही निम्माच. शरीर त्याला सरावतं, पण त्याला रात्री लागतात. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका रात्रीत पाचशे मीटरहून जास्त वर नेऊ नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी, हा साधा नियम. दिवसा किती वर चढलात यापेक्षा रात्री कुठे झोपलात याला महत्त्व. तरणा, रोज पळणारा माणूसच यात जास्त फसतो, कारण पाय चालत असतात म्हणून तो डोकेदुखी लपवतो. बालाघाटात ही भानगड नाही. तिथे उंची कुणाला मारणार नाही.

काका, तुमच्या ई-बाईकची बॅटरी किती वॅट-अवरची आहे? बहुतेक चारशे-पाचशे असेल. १६० च्या वरची लिथियम बॅटरी प्रवासी विमानात नेता येत नाही, ना हातात ना सामानात. बॅटरी काढून सायकल नेलीत तर पंचवीस किलोचं लोखंड घाटात ढकलत न्यावं लागेल.

प्रेषक: धाकटा (केजहून)

सगळ्यांना रामराम.

दादा, सत्काराचा फेटा अजून माळ्यावर आहे. आईला मी काही सांगितलेलं नाही, ते तुझं तू बघ.

काका, तुम्ही म्हणता तो मुलूख खरा आहे. पण त्याला चाळीस वर्षं झाली. आता कसंय ते सांगतो.

नकाशात पाटोद्याच्या अंगाला माळावर पांढऱ्या रेघा दिसतात. रस्ते वाटतात, पण निम्म्या पवनचक्कीच्या आहेत. पाती वाहून न्यायला मुरूम टाकून रुंद वाट केलेली असते. चांगली तीन-चार किलोमीटर सायकल पळते आणि खांबापाशी वाट संपते. पुढं तूर. मागच्या साली पुण्याचे तिघं जण दिवस मावळल्यावर अशाच एका खांबाखाली उभं राहून मला फोन करायलते. "कुठं आहात" विचारलं तर म्हणे, "पवनचक्कीजवळ." मी म्हटलं, कोणत्या? उरलेल्या रेघा म्हणजे शिवरस्ते. त्यातले कुणी कुणी नांगरून घेतलेत ते तलाठ्यालाबी विचारू नका. आणि पवनचक्क्या तिथं उगाच उभ्या केलेल्या नाहीत. वारा समोरून सुटला तर उतारावरही पायडल मारावं लागतं.

दुसरं, ऊस. डिसेंबर म्हणजे कारखान्याचा ऐन हंगाम. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही अंगांनी बाहेर आलेला, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर. अंगद गाड्या, म्हणजे ट्रॅक्टरमागं एकामागं एक जोडलेल्या छोट्या गाड्या, त्याहून बेकार. वळणावर मागची गाडी कुठं जाईल ते चालवणाऱ्यालाबी माहीत नसतं. धारूरला किल्ला बघून तेलगावचा घाट उतरून परत चढायची दादाला हौस आहे. घाट लई अरुंद आहे. उसाची गाडी फसली की दोन्हीकडून रांगा लागतात आणि सायकलवाल्याला एका बाजूला कठडा, दुसऱ्या बाजूला चाक. करायचाच असेल तर उजाडल्या उजाडल्या. आणि रोज साडेपाचला सायकली गाडीत. सहाच्या आत-बाहेर दिवस मावळतो. यावर कुणी माझ्याशी वाद घालायचा नाही, दादानं तर नाहीच.

तिसरी गोष्ट तुम्हाला तिकडून दिसणार नाही. काका, भाकरी पुढं येते म्हणालात. येते. पण भाकरी करणारी बाई नाताळात घरी नसते. दिवाळी झाली की इकडच्या नवरा-बायकोच्या जोड्या ऊसतोडीला जातात, कुणी सांगली-कोल्हापूरकडं, कुणी कर्नाटकात. वाडी-तांड्यावर उरतात म्हातारी माणसं, शाळेची लेकरं आणि कुत्री. म्हातारी तुम्हाला उपाशी जाऊ देणार नाही, पण आठ जणांच्या भाकरी तिला थापायला लावायच्या का? आणि रानात कुणाचा पाय मोडला तर बाजेवर घालून डांबरीपर्यंत आणायला चार गडी पाहिजेत. ते तव्हा उसाच्या फडात असतात. म्हणून गाडी मागं पाहिजेच.

आता पैशाचं, कारण सगळे त्याच्याभोवती फिरायलेत पण बोलायला कुणी तयार नाही. माझ्या डोळ्यासमोर धारूर तालुक्यातला एक पोरगा आहे. शेळ्या राखून राखून सगळा डोंगर त्याला पाठ. पाणी कोणत्या विहिरीचं प्यायचं, धनगराचं कोणतं कुत्रं मागं लागतं, कोणत्या वाटेला सराटे लई, सगळं सांगतो. पंक्चरपासून गाडीच्या क्लचपर्यंत हात चालतो. पण तो आणि त्याची बायको मिळून एक कोयता, म्हणजे ऊसतोडीची एक जोडी आहेत. मजूर नेणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, एकदा घेतली की हंगाम संपेपर्यंत तो आपला नाही, आणि उचल दसऱ्याच्या आधीच वाटली जाते. तुम्ही नोव्हेंबरात "बघू, तिकिटं उतरली की ठरवू" म्हणणार असाल तर तवर तो फडात पोचलेला असेल.

सहा दिवसांच्या मजुरीवर कुणी हंगाम सोडत नाही. म्हणून मी पुण्याच्या दोन ग्रुपशी आणि संभाजीनगरच्या एकाशी बोलायलोय. जानेवारी-फेब्रुवारीत हुरड्याच्या दिवसांत त्यांच्या तीन फेऱ्या, आणि तुमची पहिली. चार झाल्या तर त्याला घरी राहायला परवडतं. बायको घरी राहिली तर मुक्कामाचं जेवणही तिच्याकडंच, त्याचे पैसे वेगळे. तुमची फेरी गळाली तर तिघांवर जमत नाही. हिशेब त्याचा आहे, माझा नाही. त्याच्या धाकट्या पोरीची शाळा या साली सुटू नये एवढंच तो म्हणायलाय.

– धाकटा

प्रेषक: उदगीरकर

मी लेहचं मागे घेतो. माझं नाव धरा. फक्त सायकल तिकडेच भाड्याने मिळेल का? पेटीत भरून न्यायची म्हणजे बायको सोबत येणार नाही किंवा सायकल तरी.

प्रेषक: धाकटा

गिअरच्या सायकली संभाजीनगरहून भाड्यानं आणता येतील. पुढं तीन दातेरी चकत्या असलेल्या, माळाला त्याच बऱ्या. स्वतःची आणणार असाल तर ट्यूबा जास्तीच्या आणा. सराटा बारीक असतो, टायरमध्ये राहतो आणि नवी ट्यूबही फोडतो, म्हणून पंक्चर काढताना टायरच्या आतून हात फिरवूनच बसवायची. वेडी बाभूळ तर विचारूच नका. आणि तुमच्याकडचा बारीक तोंडाचा प्रेस्टा वॉल्व्ह असतो, त्याला इकडच्या दुकानातला पंप बसत नाही. इकडं साध्या सायकलला वुड्स वॉल्व्ह. पितळेचं छोटं अडॅप्टर मिळतं, प्रत्येकाने दोन-दोन खिशात टाका. एक हरवतंच.

प्रेषक: लातूरचे काका

चिरंजीव धाकटे,

तुमची मेल दोनदा वाचली. मी देश सोडला तेव्हाही तांडे दिवाळीनंतर ओस पडायचेच. पण मी तेव्हा विद्यार्थी होतो, मला ते दिसत होतं आणि कळत नव्हतं. बरं, तो विषय राहू द्या.

माझा वाटा दसऱ्याची वाट न बघता या आठवड्यात पाठवतो. बाकीच्यांनी पण पाठवावा. केजकर, हिशेब तुम्ही ठेवा, पण त्या मुलाला निम्मी रक्कम आधी गेली पाहिजे. मुकादम उचल देतो, आपण तरी निदान तेवढं करू. ई-बाईक इथेच राहील. मी साध्या सायकलवर येईन आणि चढ आला की गाडीत बसेन, लाज वाटणार नाही. केजकरांनी वाट मोकळी करून दिलीच आहे.

दोन शंका. एक, वेळ अमावस्या, आपला रानातल्या पूजेचा सण, सुट्टीत सापडते का? आंबील आणि भज्जी खाऊन कैक वर्षं झाली. उंड्यांची चव तर तोंडातून गेलीच.

प्रेषक: धाकटा

काका, यंदा अधिक महिना आल्यामुळं येळवस जानेवारीत गेली, तवर तुमची सुट्टी संपेल. पण आईनं सांगितलंय, काका आले की आंबील आपण कव्हाबी करू, रानात पूजतो ते पांडव रागावणार नाहीत. हुरडा मात्र नक्की नाही. पेरा लवकर झालेल्या एखाद्या रानात पहिली कणसं आली असतील तर भट्टी लावू.

परतीचं पण आत्ताच बघा. परळीहून हैदराबादकडं रेल्वे आहे. आणि बीडलाही २०२५च्या १७ सप्टेंबरला गाडी आली, तुम्ही सोडून गेलात तव्हापासून येणार येणार म्हणायचे ती. पण ती नगरकडं जाते, सायकली घेऊन उलटं फिरू नका.

दुसरी शंका कोणती होती?

प्रेषक: लातूरचे काका

आमच्या साध्या सायकलीचा वॉल्व्ह प्रेस्टा आहे की दुसरा, हे कसं ओळखायचं? तोंडावर काळी टोपी आहे. ती काढायची असते का?