सोसायटीच्या पायात डबा पुरायचा का?

नौपाडा_तिसरा_मजला: आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलीय. मीटिंगमध्ये मी म्हटलं, नव्या बिल्डिंगच्या पायाशी एक स्टीलचा डबा पुरूया, ५० वर्षांनी उघडायचा. ट्रॉफ्या नकोत, कमिटीचे फोटो तर मुळीच नकोत, रोजच्या वस्तू ठेवायच्या. पंपाचा स्टोव्ह आणि त्याची पिन, लोकलचा पास, लोकलच्या तिकिटाची ती सीव्हीएम मशीनवाली उरलेली कुपनं, केबलवाल्याचं कार्ड, आणि आईची जुनी कालनिर्णयं ज्याच्यावर दूध किती, सिलिंडर कधी लावला, मावशींचे खाडे कधी पडले असं सगळं पेनाने लिहिलंय. न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनासाठी १९३८ साली असाच एक पुरला, त्यात टूथब्रश, सेफ्टी पिन, बायकांची हॅट आहे आणि तो उघडायचा थेट ६९३९ साली! आमचे ५० म्हणजे काहीच नाही. लोक हसले. तुम्ही सांगा.

ओल_आली_परत: काका हौस कळते, पण ठाण्याचा पाऊस विसरलात का? आमच्या तळमजल्यावर मीटर रूमच्या भिंतीला दर जुलैत पोपडे येतात. अमेरिकेतच टल्सा गावात १९५७ साली अख्खी नवी कोरी प्लिमथ गाडी काँक्रीटच्या खड्ड्यात पुरली, सोबत पेट्रोल, बिअर वगैरे, की बाबा काढली की चालवता येईल. २००७ ला उघडलं तर खड्डाभर पाणी आणि गाडी गंजून भंगार. आणि एटीएमच्या स्लिपा नका ठेवू, ती छपाई दोन-चार वर्षांत उडते. कोरा कागद पुरल्यासारखं होईल.

नौपाडा_तिसरा_मजला: बरं, पुरत नाही. लॉबीच्या भिंतीत काचेमागे ठेवू, मोबाईल ठेवला तर बॅटरी काढून. पण ठेवायचं.

चहा_कटिंग: मुद्दा ओलीचा नाहीच आहे, काय ठेवायचं हे कोण ठरवणार? १९७३ ला इंदिरा गांधींनी लाल किल्ल्यात कालपत्र पुरलं, १९७७ ला सरकार बदललं आणि त्याच वर्षी खणून बाहेर काढलं, आतला इतिहास एकतर्फी म्हणून. तिथे पाच वर्षं टिकलं नाही आणि तुमच्या सोसायटीत तर सेक्रेटरी पार्किंगवरून बदलतात 😄

घणसोली_गावठाण: तुमची बिल्डिंग पडतेय म्हणून तुम्हाला डबा सुचतोय. आमच्याकडे सिडको १९७० नंतर आली, शेतं गेली, मिठागरं गेली, तेव्हा कोणी विचारलं नाही काय ठेवायचं. आजीची मासळीची पाटी अजून माळ्यावर आहे. ती मी काचेमागे ठेवणार नाही, मुलीला हातात धरायला देतो, ती नाक मुरडते ते चालेल. वस्तू घरात वापरात राहिली तर राहिली.

नौपाडा_तिसरा_मजला: दादा, तुमच्याकडे माळा आहे. आमच्या नव्या फ्लॅटमध्ये माळाच नाही, म्हणून तर हा सगळा खटाटोप.

ऐरोली_सेक्टर_मधली: मला वेगळंच खटकलं. त्या कालनिर्णयावर ज्या मावशींचे खाडे लिहिलेत त्यांची एक तरी वस्तू आहे का डब्यात? की ५० वर्षांनी लोकांना एवढंच कळणार की त्या बाई मंगळवारी आल्या नव्हत्या?

ओल_आली_परत: ताई हे बरोबर बोललात. आता मी काकांच्या बाजूने येऊ की तुमच्या कळेना.

नौपाडा_तिसरा_मजला: खरं सांगतो, माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मावशी अजून शेजारच्या बिल्डिंगमध्ये कामाला येतात, आज जाऊन विचारलं की तुमचं काय ठेवू. म्हणाल्या, माझं काही नको ठेवूस, आधी ते खाडे खोड, त्यातले दोन खोटे आहेत. गणपतीच्या आठवड्यात मी आले होते, तुझी आईच गावाला गेली होती.

चहा_कटिंग: मग खोडणार का?

नौपाडा_तिसरा_मजला: आई म्हणतेय खोटं काही नाही, लिहिलंय ते राहू दे. आता रविवारच्या मीटिंगला दोघींनाही बोलावलंय.